झाकणाखालचे इमान

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. इंजिनाचा विषय निघाला की फळ्यावर चार चौकोन काढतो. पहिल्यात दट्ट्या खाली येतो आणि हवा-पेट्रोल आत ओढले जाते. दुसऱ्यात तो वर जाऊन ते दाबतो. तिसऱ्यात ठिणगी पडते, चौथ्यात धूर बाहेर जातो. खाली लिहितो: निकोलाउस ऑटो, जर्मनी, १८७६. मुले वहीत उतरवून घेतात, मी खडू ठेवून हात झटकतो. दहा वर्षे असे चालले. या दहा वर्षांत मी एकदाही इंजिनाचे झाकण काढून आत पाहिलेले नव्हते. मागच्या मे महिन्यात ते पाहावे लागले आणि त्यातून एक प्रश्न माझ्या मागे लागला. तो प्रश्न वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे लिहितो आहे.

प्रश्न साधा आहे. शिकणारा माणूस चुकणारच. मग त्याला चुकण्याचा हक्क कुठपर्यंत आहे, आणि कोणाच्या जिवावर?

परंडा तालुक्यातले सोनारी हे आमचे गाव. अब्बांकडे एक जुनी मारुती ओम्नी आहे. एका दुपारी अम्मीला दवाखान्यात दाखवून आम्ही बार्शीहून परत येत होतो. वाटेत गाडीचा काटा लाल रेघेवर गेला. मी दुर्लक्ष केले, गाव जवळ होते. गावाच्या अलीकडे मागून पांढरा धूर निघू लागला आणि इंजिनाने मान टाकली. घरी आणून तेलाचे झाकण उघडले तर आत दुधाच्या चहासारखा फेस. तेलात पाणी मिसळले होते.

त्याचे कारण मला पुस्तकातून सांगता येत होते. या इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, बिडाचा असतो आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. दोन्हींच्या मध्ये एक पातळ गॅस्केट. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावते. इंजिन फाजील तापले की हेड किंचित वाकते, गॅस्केट उडते आणि पाण्याची वाट तेलाच्या वाटेला मिळते. बिघडलेल्या तेलाने पुढचे नुकसान केले होते. हेडच्या आतच कॅमशाफ्ट असतो. क्रँकचे दोन फेरे झाले की तो एक फेरा करतो, आणि त्याच्यावरचे उंचवटे ठरल्या वेळी व्हॉल्व्ह उघडतात. ते उंचवटे तेलाच्या पातळ थरावर जगतात. थर गेला तसे ते ओरखडले.

गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून अब्बा गप्प झाले. त्यात आणखी एक गुंता होता. गावातल्या एका दूधवाल्या चाचांशी अब्बांनी या गाडीचा तोंडी सौदा केला होता. पहाटे दूध न्यायचे आणि नंतर परंड्याच्या शाळेत मुले सोडायची, असा चाचांचा बेत होता. गाडी नीट करून द्यायची जबाबदारी आमची. मी म्हणालो, सुट्टी आहे, घरीच उघडतो. अब्बांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘बी.एड.में ये बी सिखाते क्या?’’

मदतीला मी माझा एक जुना विद्यार्थी बोलावला. शाळा त्याने मध्येच सोडली, आता गॅरेजात काम करतो. त्याने पुढची सीट उचलली, कारण ओम्नीचे इंजिन तिच्याखालीच असते, आत डोकावून पाहिले आणि हसला. ‘‘सर, खोलने कू तो बंदर बी खोलताय. बंद करना आना मंगताय.’’ भैरवनाथाच्या देवळामुळे सोनारीत माकडांचा तोटा नाही, त्यामुळे उपमा मला चांगलीच लागली.

*

पुढचे चार दिवस मी त्याचा विद्यार्थी होतो. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण घरी हे काम करू पाहणारे माझ्यासारखे आणखीही असतील.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरच्या टोपीला हात लावायचा नाही. आधी बॅटरीची ऋण तार काढायची, मग पाणी बादलीत काढून घ्यायचे. ते कुलंट विषारी असते आणि चवीला गोडसर, म्हणून कुत्र्या-मांजरांच्या तोंडाशी ठेवायचे नाही. टायमिंग बेल्ट उतरवण्यापूर्वी क्रँक आणि कॅम दोन्हींच्या खुणा जुळवून ठेवायच्या आणि मोबाइलवर फोटो घ्यायचा. एका मोठ्या पुठ्ठ्यावर हेडचे चित्र काढून प्रत्येक बोल्ट ज्या जागेचा त्याच जागी खोचायचा. हेडचे बोल्ट सोडताना कडेकडून मध्याकडे यायचे, तेही एकदम नाही, थोडे थोडे. हेड निघत नसेल तर फटीत पेचकस घालून उचकटायचे नाही, ॲल्युमिनियमवरचा तो एक ओरखडा पुन्हा पाण्याला वाट देतो. उघड्या भोकांत स्वच्छ फडके कोंबायचे आणि लावताना ते मोजून काढायचे.

हत्यारे फार लागत नाहीत. गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, प्लॅस्टिकची हातोडी, जुने गॅस्केट खरवडायला लाकडी पट्टी, एक अस्सल सरळ पोलादी पट्टी, फिलर गेज आणि टॉर्क रेंच. शेवटच्या तीन वस्तू मोजण्याच्या आहेत आणि घरी काम करणारे नेमक्या त्याच वगळतात. हेड सपाट आहे का हे डोळ्याला दिसत नाही. पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या रेषांत ठेवून खालून फिलर गेजचे पान जाते का ते पाहावे लागते. आमच्या हेडखालून पान गेले. म्हणून ते फेस करायला बार्शीच्या वर्कशॉपमध्ये नेले. हे काम घरी कानस घेऊन करायचे नसते. घरी काम करणाऱ्याने आपल्या हद्दीची रेघही आखून घेतली पाहिजे.

लावताना सगळे उलट. बोल्टांची भोके पुसून कोरडी करायची, कारण तळाशी तेल साचले असेल तर बोल्ट आवळताना त्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो. गॅस्केट नेहमी नवे. काही इंजिनांत बोल्टही नवेच घालावे लागतात, कारण ते आवळताना ताणले जातात आणि पुन्हा तेवढी पकड देत नाहीत. आवळायची सुरुवात मध्यातून, मग कडेकडे, तीन टप्प्यांत, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याइतके. नव्या कॅमशाफ्टच्या उंचवट्यांना तेल-वंगण लावल्याशिवाय तो बसवायचा नाही, आणि त्यांच्यावर घासणारे रॉकर झिजलेले असतील तर तेही बदलायचे. बेल्ट चढवला की चावी फिरवायची नाही. आधी क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचे आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचे. कित्येक इंजिनांत ही एक चूक व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची टक्कर घडवते. हात अडला तर नुकसान होत नाही, स्टार्टर अडत नाही आणि मोडून टाकतो. शेवटी टॅपेटची फट, नवे तेल, नवा फिल्टर, नवे कुलंट.

कॅमशाफ्ट हातात घेतला तेव्हा मला इब्न अल-रझ्झाझ अल-जझरी आठवला. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला हा कारागीर. त्याने १२०६ मध्ये अरबीत यंत्रांचे पुस्तक पूर्ण केले. फिरत्या आसावर उंचवटे बसवून ठरल्या वेळी ठरलेली हालचाल घडवण्याची युक्ती त्याच्या यंत्रांत आहे. आपल्या सभा-संमेलनांत अल-जझरीचे नाव अभिमानाने घेतले जाते. ऑटोच्या साडेसहाशे वर्षे आधी आमच्याकडे हे होते, असे मीही वर्गात सांगितले आहे. पण त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतला मुद्दा मी कधी सांगितला नव्हता. जुन्या लोकांनी लिहून ठेवलेल्या पुष्कळ गोष्टी त्यांनी करून पाहिलेल्या नव्हत्या, आणि जी कारागिरी प्रत्यक्ष करून तपासलेली नाही ती खरे आणि खोटे यांच्या मध्ये लोंबकळत राहते, असा त्याचा आशय आहे. त्याचा अभिमान बाळगणे सोपे आहे. त्याची अट पाळायची तर हात काळे करावे लागतात.

आपल्या महाराष्ट्रातही ही अट पाळणारा एक शिक्षक होऊन गेला. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले. पुढे नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. त्यांच्या घराण्याने १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. वीज पोचली नव्हती तेव्हा मराठवाड्यातल्या विहिरींवर अशीच डिझेल इंजिने धडधडत. ती बिघडली की शेतकरी बांधावर पोते अंथरून हेड उतरवत. मोडलेली वस्तू घरी उघडणे हे आपल्याकडे काही नवे धाडस नाही.

*

चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातून चूक झाली. हेड फेस होऊन आले होते आणि अजून ओट्यावरच होते. त्यात कॅमशाफ्ट बसवून मी रॉकरच्या दांड्याचे स्क्रू आवळत होतो. छोटेच स्क्रू, त्यांना कसला टॉर्क रेंच, म्हणून हाताच्या अंदाजाने एक जास्तीचा पीळ दिला. पाना एकदम सैल फिरला. ॲल्युमिनियमचे आटे गेले होते.

दोघेही थोडा वेळ बोललो नाही. मग तो म्हणाला, ‘‘सर, गोंद डालके बिठा सकते. दो-तीन महिने कुछ नै होता.’’

‘‘और बाद में?’’

‘‘बाद में गाडी चाचा की.’’

तो हे निर्लज्जपणे म्हणाला नाही. ज्याला रोज हे पाहावे लागते त्याच्या सहजतेने म्हणाला. मग त्याने सांगितले की गिऱ्हाइकाच्या गाडीत आटे गेले तर उस्ताद पगारातून कापतो, वर मार. म्हणून पोरे गोंद घालतात आणि झाकण बंद करतात. झाकण बंद झाले की आत काय आहे हे कोण पाहतो?

मी लगेच काही बोललो नाही, आणि हे कबूल केले पाहिजे की त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. मला सुटका दिसली. स्क्रू बसला असता, गाडी चालू झाली असती, चाचांनी ठरलेले पैसे दिले असते. अब्बांनाही ते पटले असते. बाजारात सगळेच झाकून विकतात, जुन्या गाडीला कोण हमी देतो, असे त्यांचे म्हणणे.

मी वेळ काढण्यासाठी म्हणालो, राहिलेले स्क्रू तरी रेंचने बघू. छोट्या स्क्रूंना चालणारा रेंच त्याच्या पिशवीत होता. तो लावून काट्याकडे पाहत त्याने मला विचारले, ‘‘सर, जो दिखताय वो बोलूं, या जो होना वो बोलूं?’’

त्याने ते थट्टेत विचारले असेल. पण मला एकदम त्याची प्रयोगवही आठवली. पाण्याचा उत्कलनांक काढायचा प्रयोग होता. शाळेत एकच धड तापमापी, मुलांनी रांगेने वाचन घेतले. सगळ्यांनी शंभर लिहिले, याने अठ्ठ्याण्णव. मी लाल शाईने काट मारली आणि वर्गासमोर विचारले, पुस्तकात काय लिहिले आहे? त्याने खोडून शंभर लिहिले. मी सही केली.

वाचकहो, अठ्ठ्याण्णव बरोबर होते. शंभर अंशांचा आकडा समुद्रसपाटीवरचा. जसजसे वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि दर तीनशे मीटरला पाणी सुमारे एक अंश आधी उकळते. आमचा भाग बालाघाटच्या कुशीतला, समुद्रापासून पुष्कळ उंच. रेडिएटरच्या टोपीचे कामही याच नियमावर चालते. ती आतला दाब वाढवून पाण्याला उशिरा उकळायला लावते, म्हणून तर गरम टोपी उघडायची नसते. हा नियम मला पाठ होता. तरी रांगेतल्या ज्या एका मुलाने काट्याकडे नीट पाहिले, त्याच्यावर मी काट मारली. दिसते ते लिहायचे नसते, अपेक्षित असते ते लिहायचे, हा धडा त्याने पहिल्यांदा गॅरेजात घेतलेला नव्हता. तो माझ्या वर्गात घेतला होता. गोंद मीच त्याच्या हातात दिला होता.

*

इथे तो सुरुवातीचा प्रश्न पुन्हा येतो. चुकल्याशिवाय कोणी शिकत नाही. सर्जनचा पहिला छेद कोणाच्या तरी अंगावर पडतो, पोऱ्याचा पहिला पाना कोणाच्या तरी गाडीवर. आम्ही बी.एड.वाले सराव पाठ घेतो तेही कोणाच्या तरी मुलांवर. चुकण्याचा हक्क नाकारला तर हुनर पुढच्या पिढीकडे जाणारच नाही. घरी स्वतःचे इंजिन उघडण्यात मला वाटणारा चांगुलपणा हाच, की इथे चुकीची किंमत आपल्या खिशातून जाते.

पण ती वस्तू किती वेळ ‘आपली’ राहते? झाकण बंद होऊन गाडी रस्त्यावर आली की तीत शाळेची मुले बसतात. तो सैल स्क्रू बार्शीच्या रस्त्यावर निसटला, रॉकर सरकला, तुकडा आत अडकला आणि चढावर उसाच्या ट्रॅक्टरपुढे इंजिन बंद पडले, तर ती चूक माझी की चाचांचे नशीब? चुकण्याचा हक्क चूक झाली तिथे संपतो. त्यानंतर जे सुरू होते ते सांगण्याचे कर्तव्य आहे. चूक आणि फसवणूक यांच्यात हाताचा फरक नाही, झाकणाचा आहे. तोच सैल स्क्रू उघड्या हेडवर चूक असतो आणि बंद हेडखाली खोटेपणा होतो.

आपल्याला हे नवे नाही. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा लोकांना दिसेल अशी ती वर का ठेवली नाहीस, असे विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपल्या घरांतली लहान मुलेही सांगतात. त्यात एक गोष्ट माझ्या आधी लक्षात आली नव्हती. धान्य भिजले होते ते पावसाने. भिजल्याबद्दल त्या माणसाला दोष दिलेला नाही. दोष ओल खाली ठेवण्याचा आहे.

यावर गरिबीचे उत्तर दिले जाते, आणि ते हलके नाही. ज्याच्या पगारातून कापले जाते, वर मार पडतो, त्या पोराला खरे बोल म्हणणे सोपे आहे. म्हणून मला वाटते, खरे सांगण्याची जबाबदारी चुकणाऱ्याची जितकी, तितकीच ते ऐकून घेणाऱ्याचीही आहे. जिथे कबुलीला काट आणि मार मिळतो तिथे गोंदच खपणार. मग ते गॅरेज असो की विज्ञानाचा वर्ग.

दुसऱ्या दिवशी हेड पुन्हा बार्शीला नेले. तिथे भोक मोठे करून, नवे आटे पाडून आत पोलादी वेटोळे बसवून दिले. वर्कशॉपवाल्याने सांगितले की नीट बसवले तर हे मूळच्या ॲल्युमिनियमपेक्षा जास्त टिकते. खर्च माझा झाला. गाडी सुरू झाली, हाताने दोन फेरे फिरवून, खुणा जुळवून, पहिल्याच चावीत. त्या आवाजाने मला झालेला आनंद कोणत्याही निकालाच्या दिवशी झाला नव्हता.

मग मी चाचांकडे गेलो आणि सगळे सांगितले: हेड वाकले होते, फेस केले, कॅम नवा आहे, एका स्क्रूचे आटे माझ्या हातून गेले, ते दुरुस्त केले. त्यांनी शांतपणे ऐकले, चहा पाजला आणि चार दिवसांनी निरोप पाठवला की गाडी नको. ‘‘मास्तर ने खोली सो गाडी,’’ असे कोणाला तरी म्हणाले म्हणे. अब्बा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खऱ्याचा मोबदला लगेच मिळतो असे मी इथे लिहू शकत नाही. गाडी अजून आमच्याच दारात उभी आहे आणि अम्मीला दवाखान्यात तीच नेते.

जूनमध्ये शाळा उघडली. उत्कलनांकाचा प्रयोग आला तेव्हा मी मुलांना पुस्तक मिटायला सांगितले. काट्यावर जे दिसेल ते लिहा म्हणालो. कोणी सत्त्याण्णव लिहिले, कोणी अठ्ठ्याण्णव, एकाने एकशे एक, त्याने काटा तिरक्या नजरेने पाहिला होता. मग आम्ही तासभर शोधत बसलो की कोणाचे का आणि कुठे चुकले. काट एकावरही मारली नाही.

त्या जुन्या विद्यार्थ्याला मी भेटून सांगितले की त्या दिवशी तुझे अठ्ठ्याण्णव बरोबर होते. त्याने हातातला पाना पुसला आणि म्हणाला, ‘‘मालूम था सर. मैंने दो बार देखा था.’’